घरात कुणी राहत नाही

ताईला उशीर झालेला कुणी पाहिलेला नाही. गाडी अकराची असेल तर ही साडेनऊला फलाटावर, आणि तेही "आज जरा उशीरच झाला" असं म्हणत. दवाखाना उघडायला कंपाउंडर येतो तेव्हा पायरीवर ताई बसलेली असते, आणि किल्ली कुठल्या खिशात आहे हे तीच त्याला सांगते. चष्म्याच्या ज्या दुकानात ती चौतीस वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवते, तिथला मालक गिऱ्हाइकाला "आठवड्यानं या" म्हणतो आणि चष्मा तिसऱ्या दिवशी तयार असतो. मालक वैतागतो. काम इतक्या लवकर झालं की लोकांना ते सोपं वाटतं आणि लोक घासाघीस करतात, असं त्याचं म्हणणं. ताई ऐकून घेते आणि पुढची काच चाकावर धरते.

अशा बाईच्या हाती परदेशातल्या घरमालकाची घरपट्टी आली, तेव्हा नगरपालिकेला एक आदर्श करदाती मिळाली आणि बिचाऱ्या कारकुनाची सकाळची शांतता गेली.

घर धाकट्या भावाच्या नावावर आहे. धाकट्याला ती बाळ्या म्हणते. बाळ्या बावन्न वर्षांचा आहे आणि त्याला चाळिशीचा चष्मा लागून दहा वर्षं झाली. बाळ्या शिकायला म्हणून परदेशी गेला, तेव्हा कर्ज देणाऱ्यांना घर त्याच्या नावावर असलेलं हवं होतं. वडिलांनी ते करून दिलं. ताईनंही "माझी हरकत नाही" अशी सही केली. त्या दिवशी दुकानातून अर्धी रजा घेतली होती, ती तिला अजून आठवते, कारण मालकानं पगार कापला होता. बाळ्या शिकला, तिकडेच नोकरीला लागला, तिकडेच लग्न, मुलं, सगळं झालं. वडील बाळ्या जायच्या आधीपासून अंथरुणाला खिळलेले, ते सात वर्षं. त्यांचं सगळं ताईनं केलं. बाळ्या गेला त्याच वर्षी तेही वारले आणि घरात ती एकटी उरली. लग्नाचं काय, असं विचारणारे कधीच थकले आणि त्यातले बरेच आता नाहीतच.

घर दोन खोल्या खाली, दोन वर. वरच्या बाळ्यासाठी. तो तीन-चार वर्षांतून एकदा आठ दिवस येतो, पण त्या खोल्यांत धूळ दिसणार नाही. खालच्या एका खोलीत ताई झोपते आणि दुसरीत स्वयंपाक करते. नळ जरा गळका आहे.

आता घरपट्टीचं सांगतो. घरमालक परदेशी राहत असेल तर त्याचा फॉर्म वेगळा, खिडकी वेगळी: तीन नंबरची. वर्षाच्या पहिल्या महिन्यात भरलं की सूट. लोक या महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत धावत सुटतात. ताई पहिल्या दिवशी, खिडकीची फळी वर जायच्या आधी तिथं. बरोबर स्वतःचं पेन, स्वतःचा डिंक आणि बाळ्यानं दिलेल्या मुखत्यारपत्राच्या तीन प्रती. कार्यालयाच्या डिंकावर तिचा विश्वास नाही. बावीस वर्षांत पहिल्या क्रमांकाची पावती दुसऱ्या कुणाला मिळालेली नव्हती. एका वर्षी ताप होता तरी गेली. कारकून म्हणाला, "ताई, महिनाभर मुदत आहे हो." ताई म्हणाली, "म्हणूनच आले. महिनाभर डोक्याला ताप नको."

घोटाळा झाला तो पहिल्या वर्षीच. फॉर्मवर 'घराचा वापर' असा रकाना होता आणि पुढं तीन चौकोन: मालक स्वतः राहतो, भाड्यानं दिलं आहे, बंद आहे. मालक काही राहत नव्हता. भाड्यानं तर दिलेलं नव्हतंच. ताई पेन हातात धरून अडली, तेव्हा खिडकीतून कारकुनानं विचारलं, "घरात कुणी राहतं का?"

"कुणी नाही हो," ताई म्हणाली. "मीच असते तेवढी."

"मग बंदच की," कारकून म्हणाला, आणि पुढच्याचा कागद घ्यायला हात लांब केला.

ताईनं तिसऱ्या चौकोनात खूण केली. खाली एका ओळीत लिहून द्यायचं होतं, तेही लिहिलं, आपल्या गोल, सुट्या अक्षरात: घरात कुणी राहत नाही. बंद घराला एक तृतीयांश सूट निघाली आणि लवकर भरल्याची वेगळी. ताईला कोण आनंद झाला! बाळ्या तेव्हा तिकडे चौघांत एक खोली करून राहत होता आणि पत्रात नुसता पावाच्या किमती लिहायचा. तिनं त्याला पावती पाठवली आणि सोबत लिहिलं, तुझे इतके वाचवले. पुढं सवयच पडली. दर वर्षी तीच खूण, तीच ओळ.

कुणी म्हणेल, बाई खोटं लिहीत होती. ज्यांना असं वाटतं त्यांनी तिच्या दुकानात जावं. दांडीच्या एका बारीक स्क्रूचे पैसे जास्त घेतले गेले तर गिऱ्हाइकाच्या मागं रस्त्यापर्यंत धावणारी ही बाई. खोटं लिहितेय हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. 'राहणारे' म्हणजे दुसरं कुणीतरी, अशी तिची पक्की समजूत. फोनवर कुणी विचारलं, घरी कोण आहे, तर ती सांगते, "कुणी नाही, मीच आहे." किती बायका हे रोज सांगतात, आणि आपणही "बरं, मग नंतर करतो" म्हणून फोन ठेवून देतो.

या वर्षी मुदत सुरू व्हायला पंधरा दिवस असताना दारावर थाप पडली. दारात एक तरुण बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. पाणीपुरवठ्याकडून आणि करविभागाकडून मिळून पाहणी चालू होती, तिची ती तपासनीस.

"हे घर बंद आहे ना?" तिनं टॅबलेटकडे बघत विचारलं.

"हो, बंद आहे," ताई म्हणाली. दारात उभं राहून, हातात उलथनं घेऊन.

तपासनीस बाईनं मान वर केली. आधी उलथन्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "मग तुम्ही कोण?"

आता हा प्रश्न साधा आहे. पण ताईनं उलथनं या हातातून त्या हातात घेतलं. शेवटी ती म्हणाली, "मी फॉर्म भरते."

तपासनीस हसली नाही. चांगली मुलगी होती, ताईनं तिला आत बोलावलं, पाणी दिलं. मुलीनं सगळं समजावून सांगितलं. बंद घराचं पाण्याचं मीटर बावीस वर्षं फिरतंय, ते यंत्रानं पकडलं. एका माणसाला लागतं तेवढंच पाणी, वर गळक्या नळाचं थोडंसं. "काकू, घाबरू नका. नवीन नियम बरा आहे. मालकानं पहिल्या महिन्यात आपणहून दुरुस्ती दिली तर दंड नाही, फक्त मागचा फरक. नाही दिली, तर घर खरोखरच बंद धरून नळजोड तोडतात आणि वर दंड."

"मग देते की दुरुस्ती. आत्ता देते. आण तो फॉर्म."

"तुम्ही नाही, मालकानं द्यायची. घरात राहणाऱ्या व्यक्तीचा तपशील मालकानं स्वतः भरून, सही करून पाठवायचा. भाडेकरू आहे, कुटुंबीय आहे की राखणदार आहे, ते त्यानंच लिहायचं. तुम्ही फक्त आणून द्यायचा."

ती गेल्यावर ताईनं कपाळाला हात लावला. बावीस वर्षं आपण बाळ्याचे पैसे वाचवले म्हणून मिरवलो, आणि आता ते सगळे एकदम त्याच्या बोकांडी बसणार, याचंच तिला वाईट वाटत होतं. बाकी कशाचं नाही. तपशील काय, एका ओळीचा. त्यात भिण्यासारखं काय होतं?

बाळ्याला फोन केला. तो रागावला नाही. "अगं ताई, तू पण ना!" एवढंच म्हणाला, आणि हसला. फॉर्म भरून पाठवतो म्हणाला, तिकडच्या त्याच्या सल्लागाराला एकदा दाखवतो आणि लगेच पाठवतो.

फॉर्म मुदत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी आला. ताईनं दुकानातल्या यंत्रावर छापला आणि काचा तपासायच्या दिव्याखाली धरून वाचायला घेतला. ती कुठलाही कागद चारदा वाचते. पहिल्याच वाचनात ती थांबली.

राहणाऱ्या व्यक्तीचा प्रकार: राखणदार.

मेलमध्ये बाळ्यानं खाली खुलासा केला होता. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नाही. सल्लागार म्हणतो, कुटुंबीय लिहिलं की पुढंमागं घरावर हक्काचा प्रश्न येऊ शकतो, विकायची वेळ आली तर अडचण होते, राखणदार लिहिलेलं सगळ्यात सुटसुटीत. मग शेवटी: "फक्त कागदावर, ताई. मनावर घेऊ नकोस."

ताईनं ते मनावर घेतलं. का घेऊ नये? राखणदाराला उद्या ये म्हणता येतं आणि परवा जा म्हणता येतं. साठी उलटलेली बाई, पगार दुकानातला, तोही आता आठवड्यातल्या तीनच दिवसांचा. पण खरं सांगायचं तर छपराची काळजी तिला नंतर वाटली. आधी वाटलं ते असं, की तपासनीस पोरीनं दारात जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर बाळ्याकडून आलं, आणि ते हे आलं. तिला फार लागलं. पण दुसरं मन लगेच म्हणालं, तू तरी काय लिहीत होतीस इतकी वर्षं? त्यानं निदान कुणीतरी आहे असं तरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पहिली होती, हे सांगायला नको.

कारकून आता निवृत्तीला आलाय. त्यानं कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला (तो चष्मा ताईनंच बसवलेला), आणि बोट खाली खाली नेत एका जागी थांबवलं. "ताई, राखणदार लिहिलं की पुढचे दोन रकाने भरावेच लागतात. दरमहा पगार, आणि नेमणुकीची तारीख. रिकामे सोडलेत."

"शून्य लिहा पगार."

"शून्याला हा फॉर्म परत येतो. पगार नाही तर राखणदार कसला? तुम्ही एकदा मालकाला विचारा. मी थांबतो, तुमच्यामागं अजून कोण आहे!"

खरंच कुणी नव्हतं. ताईनं तिथंच बाकावर बसून फोन लावला. तिकडे रात्र होती, मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"जेवतोयस का रे?"

"नाही, बोल. भरलास फॉर्म?"

"भरतेच आहे. दोन जागा रिकाम्या राहिल्यात. पगार किती ते लिहायचंय, आणि मला कामावर कधी ठेवलं ती तारीख."

"काहीतरी टाक गं. कुठलीही टाक."

"असं कसं? खाली छापलंय, चुकीची माहिती दिली तर कारवाई होईल. आधीच एकदा चुकलोय आपण." ताईनं जरा विचार केला. "बाबा अंथरुणाला खिळले ती तारीख टाकू, का तू विमानात बसलास ती? का आई गेली ती टाकू? तू चार वर्षांचा होतास. काम तर तेव्हापासूनच आहे."

हा टोमणा नव्हता. ताईला टोमणे मारता येत नाहीत. दुकानात मारायचा प्रयत्न करते तेव्हा समोरच्याला तो समजावून सांगावा लागतो. तिला खरोखरच तारीख हवी होती. आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्या दिवसापासून बाळ्याला आंघोळ घालणं, त्याची वेणीसारखी वाढलेली झुलपं कापणं, शाळेत सोडून मग स्वतः धावत आपल्या शाळेत जाणं, हे सगळं सुरू झालं होतं. लवकर उठायची आणि सगळं वेळेआधी उरकायची सवयही तिथलीच. नाहीतर दोघांपैकी एकाची शाळा बुडायची.

तिकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"बाळ्या, आहेस ना?"

"आहे. ताई, फॉर्म देऊ नकोस. परत घे."

"अरे, पहिला नंबर आहे माझा."

"सोड नंबर. मी बघतो काय ते." फोन बंद झाला.

ताईनं कागद परत घेतला, पिशवीत ठेवला आणि बाहेर पडली. कारकून खिडकीतून अर्धा बाहेर येऊन बघत राहिला. पहिल्या क्रमांकाची पावती या वर्षी एका पेन्शनरला मिळाली, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग दिवस जायला लागले. आठवडा गेला, बाळ्याचा फोन नाही. दुसरा गेला. ताईनं स्वतःहून केला नाही. विचारायचं काय? मी कोण ते ठरलं का, असं? दुकानाच्या वर एक खोली रिकामी होती, तिचं भाडं तिनं मालकाला सहज म्हणून विचारलं. मालक म्हणाला, "कुणासाठी?" ताई म्हणाली, "कुणी नाही, अशीच." घरी आल्यावर वरच्या खोल्या झाडताना तिला पहिल्यांदा वाटलं, की आपण परक्याच्या खोल्या झाडतोय. तिला भीती वाटली. घर जायची नाही. बाळ्या आता जे लिहील ते नीट विचार करून लिहिलेलं असेल, त्याची. पहिल्या वेळी निदान सल्लागाराला दोष देता येत होता.

मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा मेल आला. मजकूर एवढाच: "सल्लागाराला वेड्यात काढून आलो. मागचा फरक मी भरतोय. सही केली आहे, देऊन टाक."

फॉर्म दोन पानांचा होता. ताईनं छापला, सही आहे एवढं बघितलं आणि घडी घातली. चारदा वाचणाऱ्या बाईला तो एकदाही वाचवला नाही. म्हटलं, खिडकीवरच काय ते कळेल, चार लोकांत रडता तरी येणार नाही.

त्या दिवशी तिचा नंबर चौसष्टावा होता. रांग जिन्यापर्यंत गेलेली. रांगेच्या शेपटाला काय चालतं हे ताईला या वयात कळलं: लोक एकमेकांना फॉर्म दाखवून विचारतात, कुणाचा तरी फोटो राहिलेला असतो, सगळ्यांना डिंक हवा असतो. ताईचा डिंक सहा जणांनी वापरला आणि सातवा घेऊन गेला. दीड तासानं ती खिडकीशी पोचली.

"आलात!" कारकून म्हणाला. "मला वाटलं, गेलात कुठं गावाला." त्यानं घडी उलगडली आणि सवयीनं पुटपुटत वाचायला लागला. "व्यक्तीचा प्रकार, कुटुंबीय. मालकाशी नातं, सख्खी मोठी बहीण. कोणत्या अधिकारानं राहते..." त्यानं बोट त्या ओळीवर ठेवलं. "घर तिचंच आहे, असं लिहिलंय. बरं. पुढं, केव्हापासून राहते..." आता त्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "हे काय लिहिलंय भावानं?"

"काय लिहिलंय?"

"'माझ्या आधीपासून.'"

ताईला ऐकू आलं होतं. तरी ती म्हणाली, "परत वाचा."

"केव्हापासून राहते, माझ्या आधीपासून." मागचा माणूस "अहो, आटपा की" म्हणाला, आणि कारकुनानं त्याला हातानंच गप्प केलं. ताईच्या डोळ्यांना धार लागली होती. सगळ्या रांगेदेखत, पदर कुठं आणि पिशवी कुठं. तिला लाज वाटली नाही. आनंद झाला होता, आणि तो तिला आवरत नव्हता.

कारकून हळूच म्हणाला, "ताई, बाकी सगळं चालेल. पण असं लिहिलेलं यंत्र घेत नाही. इथं तारीखच लागते. भावाला विचारता का परत?"

"त्याला काय विचारायचं? त्याला कसं माहीत असणार?" ताई म्हणाली. "लिहा, मी सांगते."

कारकुनानं पेन उचललं. ताईनं आपली जन्मतारीख सांगितली.